दोन पावसांचं गाव

आरमोरीत पाऊस पूर्वेकडून येतो. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे मुद्दाम सांगावं लागतं. शाळेच्या पुस्तकात पाऊस अरबी समुद्रावरून निघतो, सह्याद्रीला आदळतो आणि पलीकडे पर्जन्यछाया टाकतो. वैनगंगेच्या पूर्व काठावरच्या या तालुक्याच्या गावाला भरवशाचा पाऊस मिळतो तो बंगालच्या उपसागरातून. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे कमी दाबाची क्षेत्रं तयार होतात, ओडिशाच्या किनाऱ्यावर चढतात आणि छत्तीसगडवरून वायव्येकडे सरकतात. असं एखादं क्षेत्र आलं की गडचिरोली जिल्ह्यात दोन-तीन दिवस सूर्य दिसत नाही. मग उघडीप पडते, ऊन चटका देतं, अंग घामाने चिकट होतं आणि लोक पुढच्या क्षेत्राची वाट पाहतात. वर्षाकाठी साधारण तेराशे मिलिमीटर पाऊस इथे पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच.

हा झाला घराच्या छपरावर पडणारा पाऊस. दुसरा पाऊस आरमोरीत पडतच नाही, तो नदीतून येतो. वैनगंगा उगम पावते मध्य प्रदेशात, शिवनी जिल्ह्यातल्या मुंडारा गावी. बालाघाटमधून ती गोंदिया आणि भंडारा जिल्ह्यांत येते, पवनीजवळ गोसेखुर्दच्या धरणात अडते आणि मग ब्रह्मपुरी, देसाईगंज, आरमोरी असं करत दक्षिणेला जाते. शिवनीत, बालाघाटात, गोंदियात पडलेलं पाणी शेवटी आरमोरीच्या काठावरूनच पुढे जायचं असतं. त्यामुळे इथे महापूर कधी कधी स्वच्छ उन्हात येतो. डोक्यावर ढग नाही, पावसाचा टिपूस नाही, आणि नदीकाठच्या बांधीत, म्हणजे धानाच्या बांध घातलेल्या शेतात, पाणी चढत चाललेलं असतं. या गावाचा पावसाळा समजून घ्यायचा तर हे दोन पाऊस वेगळे धरावे लागतात. पहिल्या पावसाची लोक देवाकडे मागणी करतात. दुसऱ्याची बातमी फोनवर येते.

पहिल्याची तयारी मे महिन्यातच सुरू होते. जुन्या घरांची कवेलू, म्हणजे कौलं, उतरवायची, फुटकी काढून टाकायची, पुन्हा नीट बसवायची. हे काम मृग लागायच्या आत उरकावं लागतं, कारण एकदा पाणी लागलं की शेवाळलेल्या छपरावर पाय ठरत नाही. माकडांनी उड्या मारून कवेलू सरकवणं हे इथलं नेहमीचंच दुखणं आहे. म्हणून ऐपत आली की लोक टिना टाकतात. टिनांचं छप्पर गळत नाही, पण पावसात त्याखाली बोललेलं ऐकू येत नाही आणि उघडीप पडली की घराची भट्टी होते. मातीच्या भिंती आणि कवेलूंची घरं हवामानाला अधिक शहाणी होती असं माझं मत आहे. पण दरवर्षी छपरावर चढायला माणूस मिळत नाही, हे त्या घरात राहणाऱ्यांचं म्हणणं मला खोडता येत नाही. सरपण आत ओढायचं, वर्षाचं तिखट-मीठ भरून ठेवायचं, मोहफुलं वाळवून मडक्यात टाकायची. तेंदूपानांच्या हंगामाची मजुरी नुकतीच हाती आलेली असते. तिच्यातच बियाणं, खत आणि मुलांच्या वह्या निघतात.

जूनच्या मध्यावर पाऊस लागला की आरमोरीचं वेळापत्रक धानाच्या हाती जातं. गावात कचेऱ्या आहेत, शाळा-महाविद्यालयं आहेत, दुकानं आहेत. पण कापड दुकानातल्या माणसाची बांधी असते, शिक्षकाची असते, एसटीच्या वाहकाचीही असते. आधी एका कोपऱ्यातल्या बांधीत पऱ्हे टाकतात, म्हणजे धानाची रोपं दाट पेरून वाढवतात. तीन-साडेतीन आठवड्यांनी ती उपटून जुड्या बांधायच्या आणि चिखल केलेल्या बांधीत रोवायच्या. ऐकायला हे सोपं आहे, पण सगळा जुगार याच तीन आठवड्यांत असतो. पऱ्हे तयार झाले आणि पावसाने दडी मारली तर चिखलणी होत नाही. रोपं जागच्या जागी जून होत जातात. जून रोप रोवलं की त्याला फुटवे कमी येतात, आणि फुटवे कमी म्हणजे लोंब्या कमी. पऱ्हे टाकायला उशीर केला तर भारी, म्हणजे उशिरा पिकणाऱ्या, जातीचं धान दिवाळीपर्यंत निसवत नाही आणि शेवटी पाण्याला तुटतं. म्हणून जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात आरमोरीच्या चहाच्या टपरीवर राजकारणापेक्षा पऱ्ह्यांच्या वयाची चर्चा जास्त असते. अजूनही काही शेतकरी आवत्या टाकतात, म्हणजे बी थेट फेकून पेरतात. मजुरी वाचते, पण तण माजतं आणि उत्पन्न घटतं.

रोवणी बायका करतात. सकाळी डबा घेऊन ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत किंवा मालवाहू रिक्षात बसून टोळ्या निघतात. डोक्यावरून पाठीवर सोडलेला प्लास्टिकचा कागद, कमरेत वाकलेलं अंग, पोटरीपर्यंत चिखल, आणि मागे मागे सरकत रोपं खोचत जाणं. दिवसभर हेच. गाणी असतात, थट्टा असते, पण संध्याकाळी कंबर सरळ होत नाही हेही असतं. पायांच्या बोटांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सोलवटते. त्यावर हळद लावतात, मोहाच्या बियांचं तेल चोळतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चिखलात उतरतात. या पंधरा-वीस दिवसांत गावात धुणीभांड्याला बाई मिळत नाही, बांधकामं थांबतात, शाळेतल्या मोठ्या मुलींची हजेरी घटते. महाराष्ट्रात भात पिकवणारा शेतकरी म्हणून ज्याचा फोटो छापला जातो तो बहुधा पुरुष असतो. भाताचं रोप जमिनीत लावणारा हात मात्र जवळपास नेहमी बाईचा असतो, आणि तिची मजुरी ठरताना ती क्वचितच बोलणाऱ्यांत असते.

धानाला उभं पाणी लागतं. गव्हाचं किंवा तुरीचं मूळ पाण्यात बुडालं की गुदमरतं. धानाच्या खोडात मात्र हवेच्या पोकळ्या असतात आणि त्यांतून प्राणवायू मुळांपर्यंत पोचतो. पाणी उभं राहिलं की तण दबतं आणि माती मऊ राहते. म्हणून बांधीचे धुरे, म्हणजे बांध, सांभाळणं हे पावसाळ्यातलं सगळ्यांत नेमाचं काम. खेकड्यानं बीळ पाडलं की रात्रीत बांधी रिकामी होते. फावडं घेऊन धुऱ्यावर फिरणारा माणूस पाऊस चालू असतानाच घराबाहेर पडतो. तीच त्याच्या कामाची वेळ. धुऱ्याची जागा वाया जात नाही, तिच्यावर तूर लावतात. धानाच्या जातींच्या गप्पांत एक नाव हमखास येतं, एचएमटी. नदीपलीकडे नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून, वर्षानुवर्षं पेरून हा बारीक तांदूळ तयार केला. नाव पडलं एचएमटी घड्याळावरून. त्यांच्याकडे दोन-चार एकरांहून जास्त जमीन नव्हती. २०१८ मध्ये ते वारले, तोवर त्यांचं वाण अनेक राज्यांत पोचलं होतं.

छपरावरचा पाऊस कमी पडला तर काय करायचं, याचं उत्तर या भागानं काही शतकांपूर्वीच शोधलं होतं. ते उत्तर म्हणजे तलाव. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे तलाव हजारोंनी आहेत. चांद्याच्या गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाच्या माणसांनी जमिनीचा उतार डोळ्यांनी ओळखून, दोन टेकाडांच्या मध्ये मातीची पाळ घालून ते बांधले. वरच्या जंगलातलं पाणी तलावात, तलावातून पाटाने बांध्यांत, बांध्यांतून बोडीत, म्हणजे लहान तळ्यात, बोडीतून नाल्यात. एकाच पाण्याला ठिकठिकाणी थांबवून नदीकडे सोडायचं. सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची मालगुजारी पद्धत १९५१ मध्ये संपली आणि हे तलाव त्यांच्याकडून सरकारजमा झाले. लोक त्यांना मामा तलाव म्हणू लागले, माजी मालगुजारीचा तो थोडक्यातला उच्चार. मालक बदलला तसा पाटाची सफाई करण्याचा, गाळ काढण्याचा सामाईक नेम सुटत गेला. काठावर बेशरमीच्या झुडपांची रानं माजली. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळासारख्या संस्थेनं मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाच्या लोकांसोबत काही तलावांत बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा देशी मासे आणि पक्षी परतले. नवीन सिंचन योजनांची पाटी लावण्याआधी जुन्या पाळीची डागडुजी करावी, असं मला ठामपणे वाटतं. आरमोरीकडच्या शेतकऱ्याला ऑगस्टमधली दहा दिवसांची उघडीप तारून नेणारं पाणी सगळ्यांत जवळ तिथेच आहे.

पावसाळ्यातलं जेवण ही या गावाची श्रीमंती. पहिल्या पावसानंतर आठवडाभरात तरोट्याची कोवळी पानं भाजीला येतात. मग जंगलातून वास्ते येतात, बांबूचे कोवळे कोंब. ते किसून, पाण्यात उकळून, कडूपणा काढून शिजवायचे. वेलींवर काटवलं लागतात, अंगणात धोप्याची पानं मोठी होतात. या सगळ्यांच्या वर मान सात्यांचा. वाळवीच्या वारुळावर उगवणारी ही अळिंबी. वाळवी वारुळाच्या आत तिची शेतीच करते, आणि आर्द्रता-उष्णता जुळून आली की छत्र्या जमीन फोडून वर येतात. माणसाला ती अजून लागवडीत आणता आलेली नाही, म्हणून ती फक्त पावसाच्या मर्जीनं मिळते. पहाटे रानात गेलेल्या बाया पळसाच्या पानांत सात्या बांधून रस्त्याकडेला बसतात आणि तासाभरात माल संपतो. भाव मटणाच्या पंक्तीला जाऊन बसतो, तरी लोक घासाघीस फारशी करत नाहीत, कारण उद्या मिळतील याची खात्री नसते. अळिंबी ओळखणं हे मात्र जाणत्याचंच काम. विषारी छत्र्या याच दिवसांत उगवतात आणि दिसायला साध्या असतात. नाल्यांत चढणीचे मासे येतात, बांधीत झिंगे सापडतात. ऐन रोवणीत भाजीला पैसे नसतात त्या घरांना या रानानं अनेक वर्षं जेवू घातलं आहे.

ढिवरांच्या काही कुटुंबांचं आणखी एक पीक याच ओल्या महिन्यांत उभं राहतं. ते म्हणजे कोसा, अर्थात टसर रेशीम. आरमोरीचं टसर रेशीम ठाऊक असणाऱ्यांनाही त्यामागचा पावसाळा ठाऊक नसतो. तुतीच्या रेशमाचा किडा घरात, ताटव्यावर वाढतो. कोशाचा किडा जंगलात, ऐन आणि अर्जुनाच्या उघड्या झाडांवर वाढतो. शेतकरी तपासलेले अंडीपुंज घेतो, अळ्या झाडावर चढवतो आणि पुढचे महिना-दीड महिना तिथेच राखणीला राहतो. मोठ्या सरीनं लहान अळ्या धुऊन जातात. उघडीप पडली की पक्षी येतात, त्यांना गुलेलीनं हाकलायचं. मुंग्या, गांधीलमाश्या, पेब्रिनसारखा रोग हे वेगळंच. पानं संपली की फांद्या तोडून अळ्यांसकट दुसऱ्या झाडावर नेतात. चार वेळा कात टाकून अळी कोश विणते, तोवर माणूस भिजतच असतो. पैठणीएवढा मान नसलेल्या त्या सोनेरी-करड्या कापडाचा एकेक धागा असा पावसात राखलेला आहे.

आजारपणाविषयी तितक्याच स्पष्टपणे लिहायला हवं. महाराष्ट्रातल्या हिवतापाच्या रुग्णांमध्ये गडचिरोलीचा वाटा वर्षानुवर्षं मोठा राहिला आहे, आणि त्यात मेंदूपर्यंत जाणारा फाल्सिपेरम प्रकार ठळक असतो. त्याचा सर्वाधिक भार दक्षिणेकडच्या आणि पूर्वेकडच्या भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या जंगलपट्ट्यावर पडतो. आरमोरी तुलनेने सुरक्षित आहे, पण रानात कामाला जाऊन आलेला ताप इथेही अंगावर काढण्यासारखा नसतो. दुसरी भीती सापाची. बिळांत पाणी शिरलं की साप कोरड्या जागेकडे येतात, आणि कोरडी जागा म्हणजे घर. नाग आणि घोणस यांना लोक ओळखतात. अधिक दगा मण्यार देतो. तो रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो, चावा दुखत नाही, सूज येत नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि घरच्यांना वाटतं अपचन झालं. अशा वेळी मांत्रिकाकडे घालवलेला एक तास जिवावर बेततो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकच प्रतिविष चालतं, साप पकडून नेण्याची गरज नसते, थेट रुग्णालय गाठायचं. खाटेवर झोपणं आणि मच्छरदाणी गादीखाली चारी बाजूंनी खोचणं हा साधा उपाय डास आणि मण्यार दोघांनाही अडवतो.

तिसरं भय आभाळातलं. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी विजा जास्त पडतात, आणि त्याच वेळी सपाट, पाण्यानं भरलेल्या बांधीत माणसं उभी असतात. आडोसा म्हणून ती मोहाखाली जातात, म्हणजे सगळ्या शिवारातल्या सर्वांत उंच वस्तूखाली. वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे. तेव्हाच काम सोडून पक्क्या घरात जायला हवं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप आजूबाजूच्या विजांचा इशारा देतं. टोळीतल्या एका जरी बाईकडे ते असलं तरी उपयोग होतो.

आता नदी. आरमोरीची कोंडी एकट्या वैनगंगेनं होत नाही, तिला मिळणाऱ्या नद्यांनीही होते. गोंदिया जिल्ह्यातल्या इटियाडोह धरणातून ज्या गाढवी नदीचं पाणी कालव्यानं देसाईगंज-आरमोरीच्या शेतांना मिळतं, तीच गाढवी धरण भरून सांडलं की इकडे धावत येते. पूर्वेला वैरागडपाशी खोब्रागडी आणि सतीनाला एकत्र येतात. अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’त हिऱ्यांच्या खाणीसाठी नोंदलेलं हेच ते वैरागड. त्याचा किल्ला या पाण्यांच्या आश्रयानंच उभा राहिला. गडचिरोलीच्या वाटेवर पाल आणि कठाणी आहेत. जिल्ह्याच्या ठिकाणी जायचं म्हणजे या नद्या ओलांडायच्या. वैनगंगा तुडुंब असते तेव्हा या लहान नद्यांना आपलं पाणी तिच्यात रिकामं करता येत नाही. ते मागे फुगतं, नाल्यांतून उलटं चढतं आणि मुख्य नदीपासून दूर असलेल्या बांध्या, पूल, रस्ते बुडवतं. पुलावर पाणी आलं की एसटी थांबते, दूध थांबतं, भाजीची गाडी थांबते. गरोदर बाईला दवाखान्यात चार दिवस आधीच आणून ठेवण्याचा शहाणपणा अशा गावांत शिकलेला असतो.

या भागातल्या अलीकडच्या आठवणीतला मोठा पूर २०२० च्या ऑगस्टअखेरचा. मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, वरच्या धरणांतून पाणी सुटलं आणि गोसेखुर्दचे सगळे, म्हणजे ३३ दरवाजे उघडावे लागले. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झालेलं हे धरण अकरा किलोमीटरहून लांब आहे. तरी एवढा लोंढा पोटात घेणं त्याला शक्य नव्हतं. भंडारा शहरात पाणी शिरलं, ब्रह्मपुरी तालुक्यातली गावं वेढली गेली, देसाईगंज-आरमोरीकडचे रस्ते तुटले. बोटींतून माणसं बाहेर काढावी लागली. आरमोरीच्या परिसरात मात्र त्या दिवसांत एवढ्या पाण्याचं कारण होईल असा पाऊस झालेला नव्हता. अनेकांच्या मनात राग राहिला तो याचाच.

धरण पूर अडवतं की आणतं, हा प्रश्न काठावर नेहमी विचारला जातो. उत्तर तारखेवर अवलंबून असतं. जुलैमध्ये जलाशय अर्धा रिकामा असताना लोंढा आला तर धरण तो पोटात घेतं आणि खालच्या गावांना कळतही नाही. ऑगस्टअखेर मात्र जलाशय भरत आणलेला असतो, कारण उन्हाळ्यासाठी पाणी साठवायचं असतं. त्या वेळी आलेलं पाणी जसंच्या तसं पुढे सोडण्यावाचून इलाज राहत नाही. साठवण आणि पूरनियंत्रण ही दोन कामं एकाच भांड्याकडून मागितली की हे होणारच. शिवाय भंडाऱ्याकडून येणारी चुलबंद नदी गोसेखुर्दच्या खाली वैनगंगेला मिळते. तिच्या पाण्यावर त्या ३३ दरवाज्यांचा काहीच अधिकार चालत नाही. गोसेखुर्दहून सुटलेलं पाणी आरमोरीच्या घाटाला लागायला काही तास जातात. हे तास हीच काठच्या माणसाची खरी संपत्ती. पूर्वी दवंडी यायची, आता तलाठी, पोलीस पाटील आणि फोनवरचे गट आहेत. पण ‘अमुक इतके क्युमेक विसर्ग’ या संदेशाचा बांधीवरच्या माणसाला अर्थ लागत नाही. एक क्युमेक म्हणजे सेकंदाला एक हजार लिटर हे कळूनही, पाणी आपल्या विहिरीच्या मोटरीपर्यंत येईल की नाही ते कळत नाही. संदेशात गावातल्या ओळखीच्या खुणा असायला हव्यात. घाटाची अमकी पायरी, स्मशानाचा ओटा, पुलाचा कठडा. वृद्ध ढिवर आजही अशाच खुणांनी नदी मोजतात, आणि त्यांचा अंदाज क्वचित चुकतो.

पूर ओसरल्यावर धानाचं काय होतं, हे किती दिवस बुडालं यावर ठरतं. दोन-तीन दिवसांनी डोकं वर काढलेलं धान सावरतं. आठवडा उलटला की नेहमीच्या जाती सडतात, कारण गढूळ पाण्यात उजेड पोचत नाही आणि रोप स्वतःची साठवण खाऊन संपतं. पाण्याखाली दोन आठवड्यांपर्यंत तग धरणारी स्वर्णा सब-१ ही जात भारतात २००९ मध्ये प्रसारित झाली. नदीकाठच्या खोलगट बांध्यांना असं वाण हवं, आणि वरच्या बांध्यांना लवकर येणारं हलकं धान हवं. एकाच गावाच्या शिवारात दोन वेगळी बियाणं लागतात. पंचनामा मात्र सरसकट होतो.

ऑगस्टअखेर-सप्टेंबरात पोळा येतो. रोवणी उरकलेली असते, बैलांना आणि माणसांना श्वास घेता येतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळ्यात मुलं लाकडी बैल ओढत दारोदार फिरतात. मग गणपती, आणि मग आरमोरीचा प्रसिद्ध दुर्गा उत्सव. हस्ताचा पाऊस त्याच सुमाराला येतो. धान निसवत असेल तर तो सोन्याचा, फुलोऱ्यात असेल तर परागकण धुऊन पळंज करणारा. २०२१ च्या पावसाळ्यानंतर त्यात नवी काळजी मिसळली. छत्तीसगडमार्गे आलेला रानटी हत्तींचा कळप जिल्ह्यात शिरला आणि पुढे आरमोरी-देसाईगंजच्या बाजूच्या धानशेतांतही उतरू लागला. वाढलेल्या झुडोऱ्यात वाघ असतोच, त्यामुळे धुऱ्यावर एकट्यानं जाणं बंद झालं आहे. राखण आता घोळक्यानं, फटाके आणि बॅटऱ्या घेऊन होते.

शेवटच्या पावसाचं पाणीही वाया जात नाही. धान कापणीला आठ-पंधरा दिवस असताना ओल्या बांधीत, उभ्या पिकातच लाखोळी किंवा जवस फेकतात. कापणी होईपर्यंत ते उगवलेलं असतं आणि उरलेल्या ओलीवर हिवाळ्यात पिकतं. ज्या बांधीत हे दुसरं पीक घेतलेलं नसतं, ती दिवाळीनंतर वाळून कडक होते. मंडईचे, म्हणजे गावजत्रांचे, दिवस आले की तिच्यातच खांब रोवून, पडदे लावून या भागाच्या, म्हणजे झाडीपट्टीच्या, नाटकाचा मंच उभा राहतो. देसाईगंज-वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या तोवर थांबून असतात, कारण रात्रभर चालणाऱ्या नाटकाला हजारो माणसं बसतील एवढी कोरडी जमीन आणि तिकिटापुरता धानाचा पैसा, दोन्ही तेव्हाच हाती येतात.